गाऱ्हाण्यापासून सुरुवात करा: कठीण दिवसांत स्तोत्रांच्या आधाराने प्रार्थना

घरात मोठं आजारपण शिरलं, नोकरी गेली किंवा माणूस गेलं, की दोन दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर बायबलातलं यिर्मया 29:11 (29वा अध्याय, 11वं वचन) येतंच. हिताच्या योजना, आशेचा भविष्यकाळ. वचन खरं आहे, पण ते बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि आदल्याच वचनात 70 वर्षांची मुदत सांगितली आहे. त्याआधी घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, हेही आहे. एवढ्या लांब पल्ल्याची आशा सकाळी उठल्याउठल्या हाताला लागत नाही. तिच्यापर्यंत जायची वाट गाऱ्हाण्यातून जाते.

कोकणातून मुंबईत आलेल्या माणसाला गाऱ्हाणं घालणं वेगळं शिकवावं लागत नाही. बायबलातही 150 स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश स्तोत्रं गाऱ्हाण्यांचीच आहेत. उपासनेत मात्र आपण स्तुतीची जास्त म्हणतो, त्यामुळे देवापुढे तक्रार करणं म्हणजे अविश्वास, असा अनेकांचा समज होतो. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलेले शब्द 22व्या स्तोत्राच्या पहिल्या ओळीचे होते, हे अशा वेळी आठवावं.

साहित्य फार नाही: मराठी बायबल, शंभर पानी वही, पेन. वेळ पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नको. पहिल्या दिवशी उत्साहाने तासभर बसणारा माणूस चौथ्या दिवशी बसत नाही, आणि मग न बसल्याचं ओझं वेगळं. दहा बाय बाराच्या खोलीत एकांत कुठून आणायचा, हा प्रश्न खराच. पाणी भरून झाल्यावरची शांत वेळ, गच्ची, जिन्याची वरची पायरी, दुपारी उघडं असलेलं चर्च, यातलं एक ठरवा आणि आठवडाभर बदलू नका.

सुरुवात 13व्या स्तोत्राने करा. सहाच वचनं. हळू आवाजात, पण ओठ हलवून वाचा. नुसत्या डोळ्यांनी वाचलं तर मन तिसऱ्या ओळीला हॉस्पिटलच्या बिलावर जातं. पहिल्या दोन वचनांत ‘किती काळ?’ हा प्रश्न चार वेळा येतो. पुढच्या दोन वचनांत मागणं आहे, शेवटच्या दोन वचनांत भरवसा. याच घडणीवर वहीत चार ओळी लिहा. पहिली हाक: ज्या नावाने देवाला हाक मारता तेच नाव. दुसरी गाऱ्हाणं, तिसरी मागणं. चौथी भरवशाची, ती ‘तरी’ या शब्दाने सुरू करायची.

गाऱ्हाणं सभ्य करून लिहू नका. ‘मन अशांत आहे’ यात काहीच सांगितलं जात नाही. ‘तीन महिने पगार नाही, सासूबाईंसमोर जायची लाज वाटते’ यात सांगितलं जातं. मागणंही नेमकं हवं. ‘सगळं नीट कर’ असं लिहिलं, की आठवड्याने मागे वळून पाहताना काहीच हाती लागत नाही. ‘शुक्रवारचा रिपोर्ट येईपर्यंत रात्री चार तास झोप लागू दे’ असं लिहा, आणि बाजूला तारीख टाका. सात दिवसांनी ते पान उघडून काय झालं ते शेजारी लिहा. झोप लागली नसेल तर ‘लागली नाही’ असंच लिहा. देवाची बाजू सावरायची जबाबदारी आपल्यावर नाही.

पुढच्या दिवसांसाठी 6, 42, 77 आणि 130 ही स्तोत्रं घ्या. 130व्यात पहाटेची वाट पाहणारा पहारेकरी एकाच वचनात दोनदा येतो. बिल्डिंगच्या वॉचमनकडे पाहिलं की ते वचन कळतं: उजाडणं त्याच्या हातात नाही, जागं राहणं आहे. 88वं स्तोत्र मात्र शेवटापर्यंत अंधारातच राहतं, त्यात ‘तरी’ येतच नाही. ते स्तोत्रसंहितेत तसंच ठेवलं गेलंय. म्हणून तुमची चौथी ओळ सुचत नसेल तर रिकामी सोडा. बळेबळे लिहिलेली ‘तरी तू चांगला आहेस’ ही ओळ दुसऱ्या दिवशी स्वतःलाच खोटी वाटते, आणि इथेच बहुतेक जण वही बंद करतात.

काही दिवशी वही उघडणंही जमणार नाही. तेव्हा श्वासाबरोबर एक वाक्य पुरे. श्वास घेताना ‘प्रभू येशू’, सोडताना ‘मला धरून ठेव’. परळला टाटा हॉस्पिटलच्या रांगेत किंवा कुर्ला ते ठाणे उभ्याने जाताना हे जमतं. पाठ असलेलं भजनही चालतं. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी आपल्या ओव्या-अभंगांच्या वळणावर भक्तिगीतं रचली त्याचा इथे फायदा होतो: चाल आठवली की शब्द आपोआप येतात.

शरीराचंही पाहावं लागतं. 1 राजे 19मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकरी आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. तेव्हा प्रार्थनेआधी पोटात काही गेलंय का ते पाहा. चालू औषधं कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, आणि प्रार्थनेसाठी पैसे मागणाऱ्याच्या किंवा बरं होण्याची हमी देणाऱ्याच्या दारात पाऊल टाकू नका. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर घरातल्या एकाला आजच सांगा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो. फोन केल्याने विश्वास कमी पडला असं होत नाही.

डॉक्टरांनी उपचार थांबवले तर मागणं बदलतं. ‘बरं कर’च्या जागी ‘वेदना कमी होऊ दे, भाऊ गावाहून वेळेत पोहोचू दे’ असं येतं, आणि तेही आशेचंच मागणं आहे. वांद्र्याचं शांती अवेदना सदन 1986पासून अशाच टप्प्यावरच्या कर्करुग्णांना सांभाळतं.

‘मंडळीतून कुणी फिरकलं नाही’ ही तक्रार नेहमीची. याकोब 5:14 नीट वाचलं तर बोलावणं आजाऱ्याने पाठवायचं आहे. पाळकांना किंवा फादरना स्पष्ट निरोप द्या: ‘गुरुवारी सहानंतर दहा मिनिटं याल का? आईला बसवत नाही, फक्त स्तोत्र वाचा.’ कॅथलिक घरात रुग्णाला तेल लावण्याचा संस्कार शेवटच्या घटकेपर्यंत लांबवायची गरज नाही. गंभीर आजारात किंवा मोठ्या ऑपरेशनआधीही तो घेता येतो. भेटायला येणाऱ्यांनी बायबलातल्या दुःखी ईयोबाला भेटायला आलेल्या मित्रांकडून एवढंच घ्यावं: ते सात दिवस गप्प बसले, तोवर चुकले नव्हते. ‘कुठल्या पापामुळे’ ही चर्चा योहान 9:3मध्ये येशूने स्वतः थांबवली आहे. बोलायला सुचत नसेल तर डबा द्या.

महिनाभर चौथी ओळ रिकामीच राहिली, तर वही जवळच्या माणसाकडे द्या. मार्क 2मध्ये पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी छप्पर उघडून खाली सोडलं, तेव्हा येशूने त्या आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला, असं लिहिलंय. ‘तरी’च्या पुढे बहिणीच्या किंवा शेजारच्या मावशींच्या अक्षरात एक ओळ येऊ द्या. दुसऱ्या दिवशी तीच मोठ्याने वाचा, आणि खाली आपलं नवं गाऱ्हाणं लिहायला घ्या.