मिठाच्या पाकिटावर तारीख : घराच्या आरोग्याची घडी कशी बसवावी

तीन वर्षांपूर्वी देवळाच्या अग्रशाळेत रक्तदान शिबिर भरले होते. माझे थोरले दीर तिथे बाही वर करून बसले आणि रक्तदाब फार आहे म्हणून रक्त न देताच परत आले. वय ४६, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारातून चढ चढणारा माणूस. ना कधी डोके दुखले, ना चक्कर आली. डॉक्टरांनी गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितले, आणि घरात त्यांच्यापुरती आमटी वेगळी होऊ लागली. हा प्रकार जेमतेम आठ दिवस टिकला. वेगळे वाढलेले ताट म्हणजे आजाऱ्याचे ताट, असे सासूबाईंना वाटे आणि भाऊजींनाही. गोळी तेवढी चालू राहिली, जेवण पूर्वीसारखे झाले.

पाच माणसांचे घर एकाच चुलीवर जेवत असेल, तर सवय एका माणसाला लावून भागत नाही, हे तेव्हा कळले. उपदेश बाजूला ठेवून घरात येणारे सामान, ताटाची मांडणी आणि दिवसाचे वेळापत्रक यांना हात घातला, तेव्हा फरक पडला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण सर्व राज्यांत गोव्यात सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के आढळले, तर देशाचे प्रमाण ११.४ टक्के होते. म्हणजे चार प्रौढांच्या घरात सरासरी एकाला मधुमेह. अशा वेळी पथ्य एकट्या आजाऱ्याने पाळायचे आणि बाकीच्यांनी पूर्वीसारखे जेवायचे, हा हिशेब गोव्यात तरी धरण्याजोगा नाही.

पहिली पायरी : काही न बदलता महिनाभर मोजा

मिठाचे, साखरेचे आणि तेलाचे नवे पाकीट उघडताना त्यावर पेनाने तारीख घालावी. पाकीट संपले की दुसरी तारीख घालावी. पहिला महिना एवढेच करावे आणि कोणालाही टोकू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे. पाच प्रौढांच्या घरात ते दिवसाला २५ ग्रॅम होते, म्हणजे एक किलोचे पाकीट किमान ४० दिवस पुरायला हवे. आमचे पहिले पाकीट २४ दिवसांत संपले. हिशेबाने माणशी आठ ग्रॅमच्या वर गेले, आणि त्यात पाव, फरसाण, लोणचे, पापड यांतले मीठ धरलेलेच नव्हते. मासळी धुवायला आणि पालेभाजी बुडवून ठेवायला जाणारे मीठ मात्र या हिशेबातून वगळावे. त्यासाठी मिठागराचे जाडे मीठ वेगळ्या बरणीत ठेवले की गोंधळ होत नाही. स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठच वापरावे, कारण मिठागराच्या मिठात आयोडीन घातलेले नसते.

तेलाला माणशी महिना अर्धा लिटर ही मर्यादा धरून चालता येते. साखरेचे प्रमाण माणशी दिवसाला २५ ग्रॅमपर्यंत राहिले तर उत्तम, आणि त्यात बिस्किटे, सरबते व चहा सगळे आले.

दुसरी पायरी : मीठ हळूहळू उतरवा

मीठ एकदम अर्ध्यावर आणले तर पहिल्याच दिवशी ‘अळणी आहे’ म्हणून ताटात मिठाची वाटी येते आणि खेळ संपतो. त्याऐवजी आमटीला घालायचा चमचा ठरवून घ्यावा, दर पंधरवड्याला तो थोडा कमी भरावा आणि जेवताना मीठदाणी ओट्यावरच राहू द्यावी. जिभेला कमी खारटाची सवय व्हायला काही आठवडे लागतात, पण ती होते. आंबट आणि तिखट वास असलेल्या पदार्थाला मीठ कमी लागते, आणि या बाबतीत आपले स्वयंपाकघर श्रीमंत आहे: बिमली, ओटांब, कैरी, तिरफळ, खोल्याची मिरची. बांगड्याच्या उद्दमेथीत तिरफळे ठेचून घातली की मिठाची उणीव कोणाच्या लक्षातही येत नाही. कोकमाच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी. बाटलीतल्या आगळात मीठ भरपूर असते आणि सोले वाळवतानाही पुष्कळ ठिकाणी मीठ लावतात. म्हणून सोलकढी करताना आधी चव घ्यावी, वरून मीठ बहुधा लागतच नाही.

आपल्याकडे मिठाचा खरा कस लागतो तो पावसात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, बाजारात ताजी मासळी थोडी आणि महाग, आणि घरात मे महिन्यात भरलेले पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी: खारे बांगडे, सुकी सुंगटे (कोळंबी), चेपणीची तोरे, पापड, लोणची. हे सगळे मिठातच टिकलेले आहे. पुरुमेंत बंद करा असे सांगणारा सल्ला कोणी ऐकणार नाही, आणि मी तो देणारही नाही, कारण सुक्या सुंगटांच्या किसमुरीवाचून पाऊस काढणे आमच्याही घराला जमत नाही. मात्र खारे बांगडे अर्धा तास पाण्यात ठेवून पाणी दोनदा बदलावे, एका जेवणात खारा पदार्थ एकच असावा आणि तो असेल त्या दिवशी आमटीचे मीठ निम्मे करावे. बाकीच्या दिवशी कुळथाची पिठी, अळसांद्याचे तोंडाक, अंडी आणि पहिल्या पावसाबरोबर उगवणारा टायकिळा (टाकळा) आहेच.

बाजारात मिळणारे पोटॅशियमयुक्त ‘कमी सोडियम’ मीठ मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज वापरू नये.

तिसरी पायरी : भात शेवटी वाढा

आपल्या ताटात भाताचा डोंगर आधी येतो आणि भाजी कडेला चमचाभर असते. ही मांडणी उलटी करावी. आधी भाजी किंवा कोशिंबीर, मग मासळी किंवा कडधान्य आणि शेवटी भात, या क्रमाने जेवल्यास जेवणानंतर रक्तातील साखर कमी उसळते, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. भात बंद करावा लागत नाही. पोट निम्मे भरलेले असताना तो समोर आला की आपोआप कमी घेतला जातो. आम्ही भाताचे भांडे चौरंगावर न ठेवता स्वयंपाकघरातच ठेवू लागलो. दुसऱ्यांदा भात घ्यायचा तर उठावे लागते, आणि पुष्कळदा माणूस उठत नाही.

उकडे तांदूळ चांगलेच. भात भरडण्याआधी उकडल्यामुळे कोंड्यातले ब जीवनसत्त्व काही प्रमाणात दाण्यात मुरते, आणि कमी सडलेल्या दाण्यात चोथाही राहतो. पण उकड्याने साखर वाढत नाही, असे समजून दोनदा भात घेणारे मधुमेही मी पाहिले आहेत. त्यांनी तो समज सोडावा. सकाळच्या पेजेबरोबर नुसते लोणचे घेण्याऐवजी वाटीभर मूग किंवा उरलेली भाजी घ्यावी. नाचणीचे तिझान मुलांना आणि वयस्करांना उपयोगी, कारण १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गूळ मात्र हात राखून घालावा.

पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की पोळी (कोंड्याचा पाव) घ्यावी, पण ती मोडून आतला रंग पाहावा. पुष्कळ ठिकाणी आत मैदा असतो आणि वरून कोंडा नुसता भुरभुरलेला असतो.

मासळीत इसवण आणि पापलेटाच्या मागे धावण्याचे कारण नाही. स्वस्तातले तारले आणि बांगडा यांतच हृदयाला उपकारक असे ओमेगा-३ मेद भरपूर असतात. आठवड्यातून दोनदा ती हुमणात (मासळीच्या आमटीत) पडावीत. रव्यात घोळून तळलेली मासळी हा रविवारचा मान समजावा. नारळाबद्दल गोव्यात बोलणे धोक्याचे असले तरी खोबरेल तेलात सुमारे ९० टक्के संतृप्त मेद असतो, हे सांगितले पाहिजे. फोडणीचे तेल बदलते ठेवावे आणि पाच माणसांच्या हुमणाला अख्ख्या नारळाऐवजी अर्धा घेऊन पाहावा. वाटण बारीक झाले तर रस तेवढाच दाट लागतो. आमच्या घरी पहिले दोन महिने हे कोणाला सांगितले नव्हते.

चौथी पायरी : चालणे घड्याळाला बांधा

प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे श्वास थोडा वाढेल, पण बोलता येईल अशा वेगाने चालावे आणि ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज तासभर खेळावे किंवा धावावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे आकडे वेगळा वेळ काढून पुरे करायचे म्हटले की पहिल्या पावसात बंद पडतात. म्हणून आजी ज्याला शतपावली म्हणत, तीच मोठी करावी. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर पंधरा-पंधरा मिनिटे, म्हणजे आठवड्याला दोनशे मिनिटांच्या वर झाली, आणि जेवणानंतरच्या चालण्याने साखरही खाली राहते. पावसात राजांगणाच्या भोवती, इमारतीच्या जिन्यावर किंवा देवळात प्रदक्षिणा घालाव्यात. शेवाळलेल्या अंगणात म्हाताऱ्या माणसांना चालवू नये, कारण उतारवयात मांडीचे हाड मोडले की उभारी पुन्हा येणे फार कठीण जाते.

साठीच्या पुढच्यांना चालण्याबरोबर स्नायूंची ताकद हवी. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे हा व्यायाम सासूबाई पोदेराची वाट पाहताना करतात. पहिल्या दिवशी त्या चार वेळा उठल्या आणि पाचव्यांदा दाराच्या चौकटीला धरून हसत बसल्या. आता दहा होतात.

दुपारी डोळा लागणे गोव्यात कोणी सोडणार नाही, तेव्हा ती झोप अर्ध्या तासात आटपावी, नाहीतर रात्रीची बिघडते. प्रौढांना रात्री किमान सात तास आणि शाळकरी मुलांना नऊ तासांहून अधिक झोप लागते. फोन रात्री साडेनऊला दिवाणखान्यातल्या एकाच कपाटात चार्जिंगला लावावेत, आणि त्यात आईवडिलांचे फोन आधी जावेत. जत्रा आणि रात्रभराच्या नाटकाला हा नियम लागू नाही.

पाचवी पायरी : घरात टेप आणि रक्तदाबाचे यंत्र ठेवा

शिवणाच्या टेपने तीन महिन्यांतून एकदा सर्वांची कंबर मोजावी: शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर. पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर वजनकाटा काहीही म्हणो, पोटावरची चरबी वाढली आहे.

रक्तदाब मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी व तंबाखू नको. पाच मिनिटे पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून गप्प बसावे. पट्टा उघड्या दंडावर आणि हृदयाच्या पातळीत असावा. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत. घरी मोजलेला दाब वरचेवर १३५/८५ किंवा त्याहून अधिक येत असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. औषध चालू असलेल्यांनी आकडा चांगला आला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. तो आकडा पुष्कळदा गोळीचाच असतो. तिशीनंतर रक्तदाब आणि साखर यांबरोबर तोंडाची, तर स्त्रियांनी स्तनांची व गर्भाशयमुखाचीही तपासणी करून घ्यावी; सरकारी आरोग्य केंद्रांत राष्ट्रीय कार्यक्रमाखाली तिची तरतूद आहे.

तंबाखूला कमी प्रमाण नाही, ती सोडायचीच. दारूचेही सुरक्षित प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले; हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, हंगामात हे वाक्य कोणाला रुचत नाही, पण निदान ती रोजची होऊ देऊ नये आणि मुलाला बाटली आणायला धाडू नये.

मनाची बाजू पथ्याच्या वहीत मावत नाही, तरी ती लक्षात ठेवावी. गोव्यातल्याच संगात या संस्थेने, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांमार्फत, नैराश्याने ग्रासलेल्या माणसांना सहा ते आठ बैठकांत नेहमीच्या आणि आवडीच्या कामांकडे पुन्हा वळवले. त्याचा चांगला परिणाम २०१७ साली लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. घरातले माणूस भजनाला जायचे थांबले किंवा जेवण झाल्याबरोबर खोलीत जाऊ लागले, तर आठवडाभर पाहून सरळ विचारावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक फ्रिजवर लिहून ठेवावा.

घडी विस्कटते ती चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला. नेवऱ्या, पंचखाद्य, पाहुणे, रात्रीच्या आरत्या. पंधरा दिवस कोणाचे चालणे नाही, वहीत आकडे नाहीत. तेव्हा कोणी कोणाला बोल लावू नये आणि चुकल्याची भरपाई म्हणून उपास काढू नये. गणपतीवर टांगलेल्या माटोळीची फळे वाटून झाली की मिठाचे चालू पाकीट संपेपर्यंत थांबावे, नवे उघडावे आणि त्यावर तारीख घालावी. आमच्या सध्याच्या पाकिटाला ३१ दिवस झाले आहेत आणि ते अजून तळाला बोटभर आहे.