फुकटच्या सरपणाचा हिशेब कसा मांडावा

भोर, घोडेगाव, जुन्नर अशा पुणे जिल्ह्यातील रानालगतच्या गावांत घरी गॅसची शेगडी असली, तरी आंघोळीचे पाणी बंबात तापते आणि भाकरी चुलीवर होते. सरपण फुकट मिळते, हे त्याचे नेहमीचे कारण. ते खरोखर फुकट आहे का, हे ठरवायला एक ताणकाटा आणि एक वही पुरते.

आठवडाभर रोज सकाळी दिवसाचे जळण तोलून वेगळे ठेवावे आणि रात्री उरलेले वजा करावे. बंबाचे व चुलीचे आकडे निरनिराळे लिहावेत.

मग गॅसशी तुलना करावी. कोरड्या लाकडाच्या एका किलोत साधारण 3,500 किलोकॅलरी उष्णता असते; पण साध्या मातीच्या चुलीत तिच्यातील 10 ते 15 टक्केच भांड्याला लागते आणि बाकीची धुरातून व चुलीच्या तोंडातून निघून जाते. गॅसच्या शेगडीत हेच प्रमाण 60 टक्क्यांच्या आसपास असल्याने 14.2 किलोच्या एका सिलिंडरचे काम करायला सुमारे 200 किलो सरपण जळते. म्हणून आपल्याकडील सिलिंडरच्या दराला 200 ने भागावे. समजा दर 900 रुपये असेल, तर साडेचार रुपये किलोपेक्षा महाग मिळणारे वखारीतील लाकूड परवडत नाही.

रानातून आणलेल्या मोळीला मात्र वेळेचा भाव लावावा लागतो. पंचवीस किलोच्या मोळीला जाऊन-येऊन चार तास लागत असतील, तर एका सिलिंडरइतक्या आठ मोळ्यांना बत्तीस तास, म्हणजे चार दिवसांची मजुरी जाते. भातलावणीच्या दिवसांत ही मजुरी खरोखरच बुडते; काम नसलेल्या दिवसांत तिची किंमत कमी धरणेच प्रामाणिकपणाचे होईल. हा वेळ बहुधा घरातल्या बाईचा असतो आणि म्हणूनच तो कोणी मोजत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

वजनावर सरपण घेताना ओल आधी पाहावी. ताज्या तोडीच्या लाकडात निम्म्याच्या जवळपास पाणी असू शकते, म्हणजे निम्मे पैसे पाण्याचे. दोन फाटी एकमेकांवर आपटल्यावर खणखणीत आवाज आला आणि कापलेल्या टोकांना चिरा दिसल्या, तर लाकूड वाळलेले आहे. दबका आवाज आल्यास भाव कमी करून मागावा.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात हिरड्याची फांदी जळणासाठी कधीही तोडू नये, कारण बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची वाळवलेली कोवळी फळे, विकून दरवर्षी येणारा पैसा त्या एका मोळीपायी जातो. भीमाशंकर अभयारण्यातील तोड तर कायद्यानेच बंद आहे.

पुष्कळ घरांची अडचण दराची नसून एकरकमी पैशांची असते. त्यांनी 5 किलोच्या लहान सिलिंडरची चौकशी करावी, मात्र त्याचा किलोमागचा दर काढूनच तो घ्यावा. पावसाळ्याचे सरपण वैशाखातच भरून, जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर, वारा खेळेल असे रचावे.