कूलरपुढे लॅपटॉप : मान-पाठ न दुखवता काम कसं करायचं

नागपुरात एप्रिल लागला की घरात कामाला कुठे बसायचं ते कूलर ठरवतो. हवा लागते तिथे लॅपटॉप जातो, मग तो दिवाण असो की डायनिंग टेबल. मान-पाठ धरायला सुरुवात इथूनच होते, म्हणून आधी टेबल सरकवा. हवा बाजूने आली तरी चालेल, पण स्क्रीन आणि की-बोर्ड दोन्ही नाकासमोर हवेत. स्क्रीन जराशी तिरकी असली तरी मान दिवसभर एकाच अंगाला वळलेली राहते आणि संध्याकाळी तोच खांदा भरून येतो.

मग उंची पाहा. टेबल साधारण 75 सेंटिमीटर उंच असतं आणि खुर्चीची बैठक 42 ते 45. कमी उंचीच्या माणसाचं कोपर यात टेबलाखाली राहतं. की-बोर्ड गाठायला खांदे उचलावे लागतात आणि मानेचे स्नायू तासन्‌तास ताणलेले राहतात. बैठकीवर सतरंजीची घट्ट घडी घाला, कोपर टेबलाच्या पातळीत काटकोनात येईल इतकी. मग पाय अधांतरी होतात, त्यांच्याखाली लाकडी पाट ठेवा. हा पाट विसरला की मांडीखालचा भाग दबतो, माणूस पुढे घसरतो आणि कमरेचा टेकू सुटतो. टेकूसाठी टॉवेलची 8 ते 10 सेंटिमीटर जाड गुंडाळी पट्ट्याच्या जरा वर ठेवली की पुरे.

लॅपटॉपची खरी अडचण म्हणजे स्क्रीन आणि की-बोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. हात नीट ठेवले तर मान वाकते, स्क्रीन वर घेतली तर हात उचलावे लागतात. रोज तास-दोन तासांहून जास्त काम असेल तर वेगळा की-बोर्ड आणि माउस घ्याच. सीताबर्डीत सहज मिळतात. स्टँड नसला तरी जाड पुस्तकांची चळत चालते, फक्त लॅपटॉपच्या तळाच्या, हवा खेळवणाऱ्या जाळ्या झाकू नका. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी आणि अंतर हातभर. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर स्क्रीन आणखी 4-5 सेंटिमीटर उतरवा, नाहीतर खालच्या काचेतून वाचायला हनुवटी वर जाते.

मोबाइलचा त्रास जास्त, कारण तो मांडीपाशी धरला जातो. डोकं सुमारे 5 किलोचं. केनेथ हन्सराज या शल्यचिकित्सकाने 2014 साली संगणकीय प्रतिकृतीवर काढलेल्या हिशोबात मान 60 अंश झुकली की मणक्यावरचा भार सुमारे 27 किलो होतो, 15 अंशांना 12 किलो. खापरीपर्यंत मेट्रोत बसायला मिळालं तर बॅग मांडीवर घ्या, कोपरं तिच्यावर टेकवा आणि फोन हनुवटीपर्यंत उचला. दिवाणावर दोन उशांवर फक्त डोकं टेकवून पाहणं सगळ्यात वाईट. लोड पूर्ण पाठीमागे घ्या, गुडघे वर करा आणि फोन मांडीवरच्या उशीला टेकवा.

बैठक कितीही चांगली असली तरी अर्ध्या तासाने उठाच. मोठी बाटली शेजारी घेऊन बसण्यापेक्षा माठातलं पाणी छोट्या ग्लासाने प्या, उठणं आपोआप होतं. दिवसातून तीनदा हनुवटी सरळ मागे ओढा, 5 सेकंद धरा, असं 10 वेळा. नजर समोरच ठेवा. हनुवटी वर किंवा खाली गेली तर व्यायाम वाया जातो.

बसून उठल्या उठल्या कूलरमध्ये पाणी भरायला बादली उचलू नका. खूप वेळ वाकून बसल्यावर कमरेचे अस्थिबंध, म्हणजे हाडं एकमेकांना जोडणारे पट्टे, सैलावलेले असतात आणि वाकून, वळून उचललेली 15 लिटरची बादली नेमकी तेव्हाच उसण भरवते. दोन-तीन मिनिटं चाला, मग अर्धी बादली न्या किंवा पाइप लावा.

हातापायाला मुंग्या, पकड ढिली होणं, ताप किंवा पडल्यानंतरची दुखणी असतील तर व्यायाम थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा जांघेत बधिरपणा आला तर त्याच तासाला रुग्णालय गाठा.