कराटेतील जुन्या ‘विश्वविजेतेपदां’ची नोंद कशी तपासावी

कराटेच्या आरंभीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांची माहिती जमवताना विजेत्याचे नाव सर्वांत शेवटी पाहावे. आधी स्पर्धा कोणत्या संघटनेने भरवली होती, हे निश्चित करावे. एकट्या १९७५ मध्ये तीन संघटनांनी आपापली जागतिक स्पर्धा घेतली: ‘वुको’ने (वर्ल्ड युनियन ऑफ कराटे-दो ऑर्गनायझेशन्स) लाँग बीचला, ‘आयएकेएफ’ने (इंटरनॅशनल ॲमॅच्युअर कराटे फेडरेशन) लॉस एंजेलिसला आणि क्योकुशिन या कराटे शैलीच्या संघटनेने टोकियोला. त्यामुळे ‘१९७५ चा विश्वविजेता’ एवढ्याच नोंदीवरून काहीही सिद्ध होत नाही.

संघटना कळली की नियम वाचावेत, कारण खरी गफलत तिथेच होते. ‘वुको’च्या सुरुवातीच्या शोबू इप्पोन पद्धतीत ठोसा किंवा लाथ लक्ष्याजवळ आणून आवरावी लागे, इप्पोन म्हणजे पूर्ण गुण मिळताच लढत संपे आणि दोन वाझाआरी म्हणजे अर्धे गुण मिळून एक इप्पोन होई. म्हणून १-० असा निकाल दिसला, तरी लढत अटीतटीची झाली असे मानू नये, कारण ती पहिल्या काही सेकंदांतही आटोपलेली असू शकते. क्योकुशिनमध्ये मात्र अंगावर पूर्ण ताकदीने प्रहार करण्यास मुभा होती, पण चेहऱ्यावर हाताने मारता येत नसे. तिथे १९७५ मध्ये जिंकलेल्या कात्सुआकी सातोची तुलना ‘वुको’च्या विजेत्याशी करणे, माझ्या मते, निरर्थक आहे.

त्यानंतर गट पाहावा. ‘वुको’ची पहिली जागतिक स्पर्धा १९७० मध्ये टोकियोच्या निप्पोन बुदोकानमध्ये झाली, तेव्हा पुरुषांचे वैयक्तिक आणि सांघिक कुमिते (प्रतिस्पर्ध्याशी प्रत्यक्ष लढत) एवढेच प्रकार होते. वजनी गट १९८० मध्ये माद्रिदला आले आणि महिलांचे कुमिते १९८२ मध्ये तैपेईला. त्याआधीच्या ‘वुको’ स्पर्धेतले महिला कुमितेचे पदक कुणी सांगितले, तर पुरावा मागावा.

आडनावावरून देश ठरवू नये. १९७२ च्या पॅरिस स्पर्धेत वैयक्तिक विजेता ठरलेला लुईझ वातानाबे ब्राझीलकडून खेळला होता, आणि सांघिक विजेतेपद फ्रान्सने मिळवले.

१९७० पूर्वीच्या नोंदी आणखी सावधपणे वाचाव्यात. हिरोकाझू कानाझावा यांचे १९५७ चे कुमिते विजेतेपद जपान कराटे असोसिएशनच्या अखिल जपान स्पर्धेतले, म्हणजे एकाच संघटनेच्या राष्ट्रीय पातळीवरचे आहे, तर १९६६ ची पॅरिसची स्पर्धा युरोपपुरती होती. आपली नोंद लिहिताना सगळे तपशील एकाच ओळीत द्यावेत: ‘कोजी वादा, जपान, पुरुष वैयक्तिक कुमिते, वुको, टोकियो, १९७०’.