दोन तुटींची गाठ मारताना या चुका टाळा

सरकारची राजकोषीय तूट (उत्पन्नापेक्षा जास्त झालेला खर्च) आणि देशाच्या चालू खात्याची तूट (माल, सेवा, पाठवलेला पैसा वगैरेंपोटी बाहेरून येतं त्यापेक्षा जास्त बाहेर जाणं), या जुळ्या तुटींवरची उत्तरं तपासताना दरवर्षी तेच वाक्य समोर येतं. "राजकोषीय तूट वाढली की चालू खात्याची तूट वाढते." मध्ये एक बाण, पुढे काही नाही. वाक्य अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते पोरांच्या डोक्यातून जाता जात नाही.

सगळ्यात मोठी चूक: खाजगी बचत आणि गुंतवणूक गाळून टाकणं

समीकरण सगळ्यांना पाठ असतं. चालू खात्याची शिल्लक = (खाजगी बचत − खाजगी गुंतवणूक) + (सरकारी उत्पन्न − सरकारी खर्च). पण लिहिताना पहिला कंस गायब होतो आणि उरलेल्या दोन गोष्टींमध्ये कार्यकारण जोडलं जातं. अरे, हा नुसता हिशोब आहे, कुणामुळे काय झालं ते यातून कळत नाही.

मागे एम.ए.च्या एका मुलाचा प्रबंध माझ्याकडे आला होता. २००७-०८ ते २०१२-१३ चा ग्राफ, केंद्राची तूट जीडीपीच्या अडीच टक्क्यांवरून पाचच्या आसपास गेलेली, चालू खात्याची १.३ वरून ४.८ वर, आणि खाली निष्कर्ष की सरकारनं खर्च आवरला असता तर २०१३ ला रुपया घसरलाच नसता. मी विचारलं पुढची वर्षं कुठंयत, तर म्हणे "सर, कोविडचं वर्ष अपवाद आहे म्हणून तिथपर्यंत गेलोच नाही". मग २०१४ ते २०१९ नं काय घोडं मारलं होतं? सांगूनही सबमिशनच्या घाईत त्यानं ते तसंच दिलं, आणि व्हायव्हाला बाहेरून आलेल्या मॅडमनी पहिला प्रश्न तोच विचारला. अख्खं प्रकरण परत लिहावं लागलं त्याला, नोकरीची तारीख तोंडावर असताना.

ज्याला तो अपवाद म्हणत होता त्याच वर्षात शिकण्यासारखं सगळ्यात जास्त आहे. २०२०-२१ मध्ये केंद्राची तूट ९ टक्क्यांच्या वर गेली आणि चालू खातं मात्र ०.९ टक्के शिलकीत आलं. कारण लोक घरात बसले, खर्च थांबला, घरांची आर्थिक बचत जीडीपीच्या साधारण साडेअकरा टक्क्यांवर गेली, कारखान्यांनी नवीन मशिनरी घेणं थांबवलं, तेल स्वस्त झालं. सरकारनं जेवढं उचललं त्यापेक्षा जास्त बाकीच्यांनी बाजूला ठेवलं. उलटी केस हवी असेल तर २००७ चा स्पेन बघा, सरकारचं बजेट शिलकीत आणि चालू खात्याची तूट मात्र जीडीपीच्या दहा टक्क्यांच्या घरात, कारण कर्ज काढून घरं बांधत होते ते खाजगी लोक. आणि जपान तर कित्येक वर्षं सरकारी तूट आणि चालू खात्याची शिल्लक दोन्ही घेऊन चाललाय.

माझी सवय साधी आहे. वर्ष लिहिलं की पेन्सिलनं तीन कॉलम आखायचे, सरकार, खाजगी, चालू खातं. मधला भरल्याशिवाय एक वाक्यही लिहायचं नाही. वेळ लागतो, लागू दे. एका मिनिटाच्या रीलवर हा विषय शिकून आलेल्यांना नेमका हा मधला कॉलमच माहीत नसतो.

दुसरी चूक: तेल आणि सोनं विसरणं

२०१२-१३ मध्ये दोन्ही तुटी फुगलेल्या होत्या हे खरंच. पण कच्चं तेल शंभर डॉलरच्या वर होतं, आणि डिझेलचा भाव सरकारनं दाबून धरलेला. त्यामुळे पेट्रोलियम सबसिडी ९७ हजार कोटींच्या जवळ गेली (ही राजकोषीय तूट), आणि भाव न वाढल्यानं वापरही फारसा घटला नाही (ही आयात, म्हणजे चालू खातं). एकाच महागड्या तेलानं दोन्हीकडे मारलं, एका तुटीनं दुसरीला नाही. वर सोन्याची आयात ५० अब्ज डॉलरच्या पुढे. मग २०१३ मध्ये सोन्यावरची ड्युटी १० टक्के केली, आयातीवर बंधनं आणली, आणि २०१३-१४ ला चालू खात्याची तूट ४.८ वरून १.७ टक्क्यांवर आली. त्याच वर्षात केंद्राची तूट कमी झाली ती जेमतेम अर्ध्या टक्क्याच्या आसपास. आता सांगा, कुठल्या तुटीनं कुठलीला ओढलं? मी तरी प्रत्येक वर्षासमोर मार्जिनमध्ये तेलाचा भाव लिहून ठेवतो.

तिसरी: ८० च्या दशकातले अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्या काळातली साखळी जशीच्या तशी भारतावर चिकटवणं. तूट वाढली, व्याजदर वाढले, बाहेरचं भांडवल आलं, डॉलर महागला, निर्यात पडली, हे तेव्हा तिथं बऱ्यापैकी जुळतं. पण त्याच अमेरिकेत १९९८ ते २००० बजेट शिलकीत होतं आणि चालू खात्याची तूट वाढतच गेली. आपल्याकडे तर सरकारचं बहुतेक कर्ज देशातल्याच बँका आणि विमा कंपन्या घेतात, आणि रुपया फार हलला की रिझर्व्ह बँक मध्ये पडते.

बाकीच्या पटापट:

व्यापार तूट म्हणजे चालू खात्याची तूट नाही. २०२३-२४ ला मालाच्या व्यापारात २४० अब्ज डॉलरची तूट होती पण चालू खात्याची १ टक्क्याच्याही खाली, कारण मध्ये आयटी सेवा आणि परदेशातल्या भारतीयांनी घरी पाठवलेला पैसा, ज्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे.

फक्त केंद्राची तूट घेऊ नका, राज्यांची मिळवा.

एक तूट कोटी रुपयात आणि दुसरी डॉलरमध्ये घेऊन तुलना करायची नाही, दोन्ही जीडीपीच्या टक्क्यात आणा.

एका तिमाहीचं चालू खातं पूर्ण वर्षाच्या बजेटशेजारी ठेवू नका.

आणि २०२०-२१ च्या आधीचे आकडे घेताना एफसीआयची (भारतीय अन्न महामंडळाची) कर्जं बघा, अन्न सबसिडीचा बराच भाग तेव्हा बजेटबाहेर होता, म्हणजे जी तूट कमी दिसते ती तेवढी कमी नव्हती.