पोरगं गणितात कच्चं आहे म्हणायच्या आधी, मास्तरांनो आणि मॅडम, या चुका टाळा

पावसाळ्यात सांगलीत आयर्विन पुलाची पाणीपातळी लहान पोरांना पण तोंडपाठ असते, ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका. मागं एकदा सहावीला मी फळ्यावर लिहिलं, पाणी ३९ फूट ७ इंचावर आहे, धोक्याच्या पातळीला अजून किती बाकी? निम्म्याच्या वर पोरांनी लिहिलं ५.३. मी सगळ्यांना लाल फुली मारली, फळ्यावर ५ फूट ५ इंच करून दाखवलं, पोरांनी उतरवून घेतलं, आणि पुढच्या आठवड्यात तास-मिनिटांच्या वजाबाकीत परत तीच चूक!

मग एकाला जवळ बोलावून विचारलं, बाळा कसं काढलंस? तो म्हणाला, "सर, ४५ मधनं ३९.७ वजा केलं की." वजाबाकी एकदम बरोबर होती त्याची. १२ इंचाचा फूट हे पण माहीत होतं. फूट आणि इंचाच्या मध्ये टिंब दिलं की तो आकडा दशांश होतो आणि ३९ फूट ६ इंच म्हणजे ३९.५ फूट, ३९.६ नव्हे, एवढंच त्याला कुणी सांगितलं नव्हतं, मी पण नाही.

तर माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, आपण उत्तर दुरुस्त करतो, विचार बघतच नाही. १/२ + १/३ = २/५ लिहिणारं पोरगं मूर्ख नसतं. दोनपैकी एक मार्क आणि तीनपैकी एक मार्क, मिळून पाचपैकी दोन, असं तर आपण स्वतः बेरीज करून प्रगतिपुस्तकात लिहितो ना! त्याला लसावि परत घोकायला लावण्याआधी एवढंच विचारा की अर्ध्या भाकरीत अजून तुकडा घातला तर भाकरी अर्ध्यापेक्षा कमी कशी झाली? २/५ तर अर्ध्याहून कमी आहे. पोरं स्वतःच खोडतात, आणि मग समान छेद कशाला लागतो ते सांगितलं की कान देऊन ऐकतात. तसंच ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं म्हणणाऱ्यांचं, ३५ मोठे ४ लहान असा त्यांचा हिशोब असतो. पैशात सांगा, ३५ पैसे आणि ४० पैसे, लगेच कळतं, पण तिथंच थांबू नका कारण ०.३५२ आलं की पैशाचं उदाहरण तोकडं पडतं, तिथं दशांश, शतांश, सहस्रांशाचे रकाने आखूनच दाखवावं लागतं.

दुसरं, प्रश्न विचारून आपण थांबत नाही. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी वर्गातली रेकॉर्डिंग ऐकून हे मोजलं होतं, शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात, गप्प बसणारी पोरं पण बोलायला लागतात. ऐकायला सोपं वाटतं पण पोर्शन मागं पडलेला असताना तीन सेकंद लई मोठे वाटतात, मनात एक दोन तीन म्हणा, आणि पहिल्या बाकावरचा हात वर आला तरी लगेच त्याच्याकडं जाऊ नका.

खालच्या वर्गांना शिकवणाऱ्यांनी मराठी आकड्यांकडं नीट बघा. पंचवीस ऐकून ५२ लिहिणं, एकोणपन्नास ऐकून ५९ लिहिणं, हे दुर्लक्ष नाही, आपल्या भाषेत एकक आधी बोलतात आणि लिहिताना दशक आधी येतो, आणि एकोणपन्नास म्हणजे पन्नासला एक कमी, पण पोराच्या कानावर पन्नासच पडतं. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसचं "वीस एक" असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! मला स्वतःला एकवीस, बावीस सोडावं असं वाटत नाही, पण ते पुस्तक करणाऱ्या मंगला नारळीकरांच्या समितीनं दाखवलेली अडचण खरी होती. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे हातात द्या, दोन गठ्ठे आणि पाच सुट्ट्या, आणि दोन्ही तऱ्हांनी बोलून घ्या.

पाढे पाठ हवेतच, त्यावर वाद नको.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. "हिला नाही जमायचं" हे स्टाफरूममध्ये बोललेलं वर्गात पोचतं. १९६८ साली रोझेंथाल आणि जेकबसन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शिक्षकांना सांगितलं होतं की ही ही मुलं यंदा पुढं जाणार, नावं खरं तर चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली, तरी पहिली-दुसरीची ती मुलं जास्त पुढं गेली. परिणाम नेमका किती यावर पुढं बरेच वाद झाले, पण मी माझ्या वर्गात बघितलंय म्हणून मला पटतं. २०१० चा अमेरिकेतला एक अभ्यास तर अजून टोचतो, ज्या शिक्षिकांना स्वतःला गणिताची धास्ती होती त्यांच्या वर्गातल्या काही मुली वर्षअखेरीस "गणित मुलांचं काम" असं मानायला लागल्या आणि त्याच मुली गणितात मागं पडल्या. म्हणून पालक सभेत एखादी आई पोरीसमोर म्हणाली की मला पण गणित कधी जमलं नाही, तर मी लगेच अडवतो, वहिनी, भिशीचा हिशोब कोण ठेवतं तुमच्यात?

आता मी दर शनिवारी नाव न सांगता एक चुकलेलं उत्तर फळ्यावर लिहितो आणि विचारतो, यानं विचार कसा केला असेल? या शनिवारी लिहिणार आहे, गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, मग १६.५ बाय १६.५ फुटाची जागा अर्धा गुंठा.