'बघ गो, भारी आहे' एवढ्यावर कोण बघणार?

आमच्या गोव्यात डिचोलीकडे जत्रेतलं नाटक बघून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, पाव घेता घेता सगळं सांगून टाकतो, कोण चांगला बोलला, कोणाला प्रत्येक वाक्याला आतून सांगावं लागलं, दुसरा अंक किती लांबला, पेटीवाल्याने कुठे सांभाळून घेतलं. तेवढं ऐकलं की आपल्याला बरोबर कळतं की या वाड्याचं नाटक पुढच्या वर्षी जागून बघायचं की घरी झोपायचं. तोच माणूस रात्री दोन वाजेपर्यंत वेबसिरीज बघतो आणि सांगतो काय, तर "बघ गो, भारी आहे". भारी म्हणजे काय रे बाबा? सिरीज सुचवायची तर नाटकासारखी सुचवा, एवढंच माझं म्हणणं, आता ते कसं ते सांगते.

आधी माझी चूक सांगते. वहिनीने एकदा फोनवर विचारलं, काहीतरी चांगलं सांग बघायला. मी नुकतंच 'दिल्ली क्राइम'चा पहिला सीझन संपवलेला, डोक्यात तेच, सात भाग, शेफाली शाह, आंतरराष्ट्रीय एमी मिळालेली सिरीज, असं धडाधड सगळं सांगितलं. ती सिरीज २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेवर आहे आणि वहिनीची लेक त्याच महिन्यात दिल्लीला शिकायला गेलेली, हे माझ्या लक्षातच आलं नाही. वहिनीने दीड भाग बघितला आणि रात्री लेकीला चार वेळा फोन केला. सिरीज उत्तमच आहे, आजही म्हणेन, पण त्या बाईला त्या महिन्यात ती सांगणं म्हणजे माझा शुद्ध बावळटपणा होता.

म्हणून आता कोणी विचारलं की मी लगेच नाव सांगत नाही, उलट विचारते. कुठे बघतेस, मोबाइलवर की हॉलमधल्या टीव्हीवर? कोणाबरोबर? आणि सगळ्यात कामाचा प्रश्न, शेवटची कुठली सिरीज अर्धवट सोडलीस? आवडलेल्या सिरीजचं नाव माणूस कधी कधी शायनिंग मारायला पण सांगतो, सोडलेल्याचं मात्र खरं सांगतो. एका ऑफिसातल्या मुलाने सांगितलं की 'डार्क' सोडली, कोण कोणाचा बाप तेच कळेना. बरोबर आहे त्याचं, २६ भागांची जर्मन सिरीज, चार घराणी, तीच माणसं वेगवेगळ्या काळात, ती जेवता जेवता मोबाइलवर बघून कशी कळणार? त्याला मी 'गुल्लक' सांगितली. एका सीझनला पाच भाग, एकेक अर्ध्या तासाच्या आसपास, मध्ये भाजीवाला आला तरी काय बिघडत नाही. दोन दिवसांत सीझन संपवून आला.

टीव्ही हॉलमध्ये असेल तर वयाची खूण बघूनच सांगा. २०२१ च्या नियमांनंतर प्रत्येक सिरीजवर यू, यू/ए ७+, १३+, १६+ नाहीतर ए असं लिहिलेलं असतं, खाली हिंसा आहे की शिव्या आहेत ते पण असतं. चवथीला (गणेश चतुर्थीला) घर भरलेलं असताना, माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या सजावटीखाली, मामा, आते, पोरंटोरं बसलेली असताना कोणीतरी 'मिर्झापूर' लावतो आणि मग रिमोट शोधायला धावाधाव. त्यापेक्षा 'पंचायत' लावा, आजीपण बघते आणि प्रधानजींवर हसते.

वेळेचं गणित तर सांगाच सांगा, आणि पूर्ण सांगा. नुसतं 'छोटी आहे' नको. 'चेर्नोबिल' पाच भाग, प्रत्येक साधारण तासाभराचा, म्हणजे एका शनिवार-रविवारचं काम. 'द रेल्वे मेन' चारच भाग. 'स्कॅम १९९२' दहा. 'ब्रेकिंग बॅड' ६२, तिथे माणसाला आधीच सांगून टाका की बाबा पावसाळा जाणार आहे तुझा. मी रोज कदंबाच्या सरकारी बसने डिचोली ते पणजी करते, त्यामुळे माझं सगळं मोजमाप बसवर, एका फेरीत एक भाग बसतो की नाही. बसमध्ये बघणाऱ्याला आणखी एक सांगायचं, घरच्या वायफायवर रात्रीच डाउनलोड करून ठेव. वाटेत रेंज जाते ते एक, आणि नेटफ्लिक्सवर एचडीमध्ये बघितलं तर तासाला तीन जीबीपर्यंत डेटा जातो, दीड जीबीचा रोजचा पॅक असणाऱ्याचं काय होणार ते सांगायला नको. आणि पावसात लाइट गेली की डाउनलोड केलेलंच कामाला येतं.

पकड कुठे घेते हे पण सांगायचं. काही सिरीज पहिल्या दहा मिनिटांत धरतात, काहींना दोन भाग द्यावे लागतात. पण 'पाचव्या भागानंतर मस्त होते' असं मला कोणी सांगितलं की मी हात जोडते. पाच भाग कंटाळा सहन करायला आम्ही काय नवस बोललोय?

गोव्यात एक हुकमी युक्ती आहे ती म्हणजे आपल्याकडचा धागा दाखवायचा. 'द सर्पंट' नुसती सांगा, कोणी ढुंकून बघणार नाही. पण सांगा की हा तोच खुनी चार्ल्स शोभराज ज्याला १९८६ साली मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडेंनी आपल्या पर्वरीच्या ओ कोकेरो हॉटेलात पकडला, की समोरचा लगेच मोबाइल काढतो. फक्त इथे प्रामाणिकपणा ठेवा. ती आठ भागांची सिरीज मुख्यतः सत्तरच्या दशकातल्या बँकॉकमधली आहे, पर्वरी बघायला मिळेल म्हणून बसलेला माणूस आठही भाग वाट बघत राहील आणि मग शिव्या तुम्हालाच. पर्वरीची गोष्ट हवी असेल तर २०२५ चा 'इन्स्पेक्टर झेंडे' सिनेमा सांगा, त्यात शोभराजचं नाव बदललंय आणि सगळं विनोदी अंगाने घेतलंय, हेही आधीच सांगा. तिहार तुरुंगातला शोभराज हवा तर 'ब्लॅक वॉरंट', सात भाग. बघा, एकाच माणसावरून तीन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना तीन वेगळ्या गोष्टी निघाल्या.

आता वाईट काय ते. हे लोक सांगतच नाहीत, आणि माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं. 'सेक्रेड गेम्स'चा पहिला सीझन सांगताना मी स्पष्ट सांगते की दुसरा मला रटाळ वाटला, पहिल्यावर थांबलीस तरी चालेल. असं एक वाईट सांगितलं की तुमच्या चांगल्यावर पण विश्वास बसतो. स्वतः अर्धवट सोडली असेल तर तेही सांगा, तीन भाग बघून सिरीज सुचवणारे भरपूर आहेत आणि ते लगेच पकडले जातात.

शेवट फोडू नका हे सगळ्यांना माहीत आहे, पण 'शेवटी असा ट्विस्ट आहे ना' हे पण फोडणंच आहे. ट्विस्ट आहे कळलं की माणूस सिरीज बघत नाही, ट्विस्ट शोधत बसतो. कोणीतरी मरतं पण कोण ते सांगणार नाही, असं म्हणणाऱ्यांना तर फॅमिली ग्रुपमधून काढूनच टाकावं.

सांगण्याआधी कुठल्या ॲपवर आहे ते आज बघा, दोन वर्षांपूर्वीचं लक्षात ठेवलेलं चालत नाही. 'असुर' वूटवर आली होती, मग वूट जिओसिनेमात गेलं, मग २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार मिळून जिओहॉटस्टार झालं. आता कोणाला 'वूटवर बघ' सांगितलं तर तो दुकानात जाऊन कॅसेट मागितल्यासारखा शोधत बसेल. आणि समोरच्याकडे ते ॲप नसेल तर एका सिरीजसाठी पैसे भरायला लावू नका, तुमचा पासवर्ड द्यायचे दिवस पण आता गेल्यातच जमा आहेत.

एकदा सांगितलं की गप्प बसा. रोज 'बघितलीस? कुठवर आली?' असं विचारणारा माणूस आणि बचत गटाचा हप्ता मागणारी बाई यात काही फरक नाही. नाही आवडली तर वाद नको, फक्त विचारा कुठे कंटाळा आला, पुढच्या वेळी तेच उपयोगी पडतं. मला 'कोटा फॅक्टरी' सांगणाऱ्याला मी म्हटलं होतं की काळी-पांढरी बघून डोळे थकले, त्यावर तो अर्धा तास त्यामागची कल्पना समजावत बसला. कल्पना मला कळली होती रे, डोळे थकले होते.

वहिनीचं सांगायचं राहिलं. त्या प्रकारानंतर तिने मला वर्षभर काही विचारलं नाही. मग पणजीच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात २०२४ ला 'लंपन'ला वेबसिरीजचं बक्षीस मिळालं, ते वाचून तिने स्वतःच लावली, आणि मला फोन. म्हणाली, बाय, सोनी लिव्हवर आहे, मराठी आहे, कर्नाटकाच्या सीमेवरच्या गावातला पोरगा आजी-आजोबांकडे राहायला येतो, 'गुल्लक'मधली आई आहे ना ती यात आजी आहे. मारामारी नाही, खून नाही, घाई पण नाही, हळू चालते, तुझ्या बसमध्ये बसेल. पण सकाळच्या बसला बघू नको, संध्याकाळी येताना बघ, तुला आईची आठवण येणार आणि मग ऑफिसात रडक्या तोंडाने बसशील.

मी ऐकलं नाही, सकाळीच लावली. पर्वरी येईपर्यंत रुमाल काढावा लागला.